शेजार

नोकरीनिमित्त चेन्नईला आलेल्या त्या मराठी जोडप्याने घर शोधताना आधी भाडे आणि कचेरीचे अंतर पाहिले. त्या हिशेबात वेळचेरी बसत होते. पण पळ्ळिकरणैच्या पाणथळीजवळचा तो सखल भाग डिसेंबर २०१५ च्या पुरात बुडाला होता. तीन वर्षांच्या मुलीकडे पाहून आईने नकार दिला. बेझंट नगरला समुद्र होता; भाडे मात्र परवडेना. अखेर एका सकाळी ती तिघे मैलापुरात, कपालीश्वराच्या देवळाजवळच्या अरुंद गल्लीत आली. दाराशी तांदळाच्या पिठाचे कोलम काढणाऱ्या एक आजी म्हणाल्या, "वा, कण्णा!" म्हणजे 'ये, बाळा!' मुलीला तमिळ कळत नव्हते. तरी ती कडेवरून उतरून आजींशेजारी जाऊन बसली. घर लहान होते. आईने होकार दिला.