गुलाबाच्या शेताचे आडनाव

आडनाव मनुष्याचे असले तरी त्याचा वापर करतात ते इतर लोक. घरात आपल्याला कोणी आडनावाने हाक मारीत नाही. ते लागते शाळेच्या हजेरीपटाला, शिधापत्रिकेला, पटवाऱ्याच्या खसऱ्याला. मध्य प्रदेशच्या महसूल खात्यात पस्तीस वर्षे काढताना हे आम्ही रोज पाहत होतो. पण त्याचा अर्थ आमच्या ध्यानात आला तो नोकरी संपल्यावर, आणि तोही माळव्यात नव्हे, तर उत्तर समुद्राकाठच्या नेदरलँड देशातील एका लहानशा गावात.

२०२३ च्या ऑक्टोबरात आम्ही उभयता रॉटरडॅमला मुलाकडे गेलो. सूनबाईंचे दिवस भरत आले होते. निघण्यापूर्वी दोन महिने मुलाने फोनवर एक गोष्ट काढली होती. "बाबा, बाळाचे आडनाव लिहिताना शेवटचा 'कर' गाळू या का? येथे कुणाच्या जिभेवर आपले आडनाव बसत नाही." आम्ही उत्तर दिले नाही. फोन सौभाग्यवतींच्या हाती दिला आणि गच्चीवर जाऊन बसलो.

आमचे आडनाव लेखाखाली छापलेले आहेच. तळकोकणातील एका गावाचे नाव आणि त्याला जोडलेला 'कर', एवढीच त्याची घडण. आमचे पूर्वज होळकरांच्या चाकरीत इंदुरास आले त्याला सात पिढ्या झाल्या. बोलण्यात हिंदी शिरली, पोह्यांवर शेव आली. देवघरातले टाक आणि हे आडनाव मात्र टिकले. 'कर' गेला तर गाव उरेल, पण आपण त्या गावचे उरणार नाही, असे आमच्या मनाने घेतले. पुढे दोन महिने मुलाशी आम्ही हवापाण्यापलीकडे बोललो नाही.

रॉटरडॅमला पोहोचल्यावरही हा अबोला पुरता सुटला नव्हता. तो सुटावा म्हणूनच बहुधा, एका रविवारी मुलगा म्हणाला, "बाबा, चला, तुम्हांला रूझवेल्टचे गाव दाखवतो." आम्हांस इतिहासाची ओढ आहे हे त्याला ठाऊक. आम्ही गाडीत बसलो.

अमेरिकेला दोन राष्ट्राध्यक्ष देणारे हे आडनाव मूळचे डच. 'रोस' म्हणजे गुलाब आणि 'व्हेल्ड' म्हणजे शेत किंवा माळ. आपण मराठीत 'रूझवेल्ट' लिहितो ते इंग्रजी अक्षरांवर विसंबून. डच भाषेत त्या दोन 'ओं'चा उच्चार दीर्घ 'ओ' असा होतो, आणि खुद्द ते घराणेही पहिले अक्षर 'रोझ' असेच उच्चारीत आले आहे.

या घराण्याचा अमेरिकेतील मूळ पुरुष क्लास मार्टेन्सन व्हान रोझेनव्हेल्ट. १६३८ ते १६४९ यांच्या दरम्यान केव्हातरी तो न्यू ॲम्स्टरडॅम या डच वसाहतीत उतरला. त्याचे नाव उलगडून पाहिले तेव्हा आम्हांस मोठी मौज वाटली. क्लास हे स्वतःचे नाव, मार्टेन्सन म्हणजे मार्टेनचा मुलगा, आणि 'व्हान' म्हणजे अमुक ठिकाणचा. आपले नाव, वडिलांचे नाव, गावचे नाव! हा गृहस्थ इंदुरास उतरला असता तर आमच्या कार्यालयाने त्याची नोंद 'क्लास मार्टेन रोझेनव्हेल्टकर' अशी बिनचूक केली असती.

क्लासने १६५२ च्या सुमारास तेथे सुमारे ५० एकरांची शेती घेतली. आज त्याच परिसरात एम्पायर स्टेट बिल्डिंग उभी आहे. पण ते वैभव पाहणे त्याच्या नशिबी नव्हते. १६६० च्या सुमारास तो आणि त्याची पत्नी, दोघेही निवर्तली. त्यांचा मुलगा निकोलस १६५८ सालचा. म्हणजे आईबापांचे छत्र गेले तेव्हा तो जेमतेम दोन वर्षांचा होता. पुढे १६६४ साली वसाहत इंग्रजांच्या हाती गेली आणि न्यू ॲम्स्टरडॅमचे न्यूयॉर्क झाले. आपण कोणत्या गावचे, हे मुलाला सांगणारा बाप उरला नव्हता आणि राज्यही बदलले होते. हाच निकोलस मोठा होऊन नगरसभेवर निवडून गेला, आणि आडनाव आजच्या रूपात त्यानेच प्रथम लिहिले. 'व्हान' गळाला. मधला 'न' गळाला. गुलाबाचे शेत तेवढे राहिले.

निकोलसच्या योहानेस आणि याकोबस या दोन मुलांपासून घराण्याच्या दोन शाखा झाल्या. योहानेसच्या शाखेत थिओडोर जन्मले. ते १९०१ ते १९०९ राष्ट्राध्यक्ष होते. याकोबसच्या शाखेत फ्रँकलिन जन्मले. ते १९३३ पासून १९४५ साली मृत्यू येईपर्यंत त्या पदावर होते. फ्रँकलिन यांनी १९०५ साली एलिनॉर यांच्याशी विवाह केला. त्या थिओडोर यांच्या पुतणी, म्हणजे माहेरच्याही रूझवेल्टच; सासरी गेल्यावर आडनाव बदलावे लागले नाही.

मग हे गुलाबाचे शेत होते कोठे? परंपरा बोट दाखविते ती नैर्ऋत्येच्या झेलंड प्रांतातील टोलेन बेटावरील आउट-फोसेमेर या गावाकडे. तेथे या नावाची जमीन होती, तिच्यावरून हे नाव पडले, असे मानतात. क्लासच्या जन्माची नोंद मात्र त्या गावी मिळालेली नाही. १९३५ साली हे घराणे मूळचे ज्यू का, अशी विचारणा झाली, तेव्हा राष्ट्राध्यक्ष फ्रँकलिन यांनी कळविले की क्लास हॉलंडात कोठून आला आणि त्याचे आईबाप कोण, हे आपल्याला माहीत नाही. ते कोणत्या धर्माचे होते याहून ते चांगले नागरिक होते की नाही, याचे आपल्याला अधिक अगत्य आहे. जगातल्या सर्वांत बलाढ्य आसनावर बसलेल्या पुरुषाला स्वतःच्या आडनावातले गाव सांगता येत नव्हते!

टोलेन आता नावाचेच बेट आहे. गाडी पुलावरून सरळ आत गेली. समुद्राला बांध घालून काढलेली सपाट जमीन, पाण्याचे सरळ चर, वावरात साखरबीटाचे ढीग. १९५३ च्या फेब्रुवारीत हे बांध फुटले आणि देशभरात १८३६ माणसे बुडाली. त्या प्रलयाचा मोठा तडाखा झेलंडलाच बसला. गाव लहान, नीटनेटके. जुन्या ग्रामसभागृहात रूझवेल्ट घराण्याची माहिती मांडलेली आहे असे ऐकले होते, पण आम्ही गेलो तेव्हा दार बंद होते. मग नुसतेच हिंडलो. घरांच्या दारांवरच्या पाट्या वाचण्याची आमची जुनी खोड. बऱ्याच पाट्या वाचल्या. रूझवेल्ट एकाही दारावर दिसले नाही.

तेथे उभे असताना आम्हांस १९९८ साल आठवले. त्या वर्षी आम्ही रजा काढून आपले मूळ गाव पाहण्यास कोकणात गेलो होतो. देवळात गुरवाने आडनाव विचारले. आम्ही अभिमानाने सांगितले. तो हसून म्हणाला, "ह्या आडनावाचो हंय कोण नाय. आमी सगळेच हंयचे. मगे लावतलो कोण?" तेव्हा हे बोलणे आमच्या जिव्हारी लागले होते. आपल्याला गावाने ओळख दिली नाही, असे समजून आम्ही परतलो होतो.

त्या परक्या गावात पंचवीस वर्षांनी त्या बोलण्याचा उलगडा झाला. जो गावात राहतो त्याला गावाचे नाव लावण्याचे कारण नसते. गावाचे आडनाव पडते ते गाव सोडणाऱ्याला, आणि बहुधा ते पाडतात नव्या ठिकाणचे लोक. याच क्लासच्या काळात, १६५० साली, यान आर्टसन नावाचा एक तरुण मजूर म्हणून त्याच वसाहतीत गेला. तो उट्रेख्टजवळच्या द बिल्ट या खेड्याचा. त्याच्या वंशजांचे आडनाव व्हँडरबिल्ट झाले आणि पुढे ते धनाढ्यतेसाठी जगभर गाजले. आपल्या इंदूरचीच गोष्ट घ्या. नीराकाठच्या होळ गावचे म्हणून मल्हारराव होळकर. त्या लहानशा खेड्याचे नाव माळव्याच्या राज्याला मिळाले, ते मल्हाररावांनी ते खेडे सोडले म्हणून. 'कर' काय किंवा 'व्हान' काय, ही गावात राहिल्याची खूण नाही. गाव सोडल्याची आहे.

म्हणूनच असे आडनाव शोधायचे ते गावाबाहेर. आज रूझवेल्ट आडनावाची कुटुंबे मुख्यतः अमेरिकेत आहेत, आणि ती त्या एका क्लासचे वंशज. माणसे थोडी, नाव मात्र फार दूरवर पांगलेले. ब्राझीलच्या अरण्यातील एका नदीला १९१४ च्या मोहिमेनंतर थिओडोर यांचे नाव मिळाले. पॅरिसच्या भुयारी रेल्वेत १९४६ पासून फ्रँकलिन यांच्या नावाचे स्थानक आहे. न्यूयॉर्कमधील एका बेटाला १९७३ साली हेच नाव दिले गेले. डॉमिनिका या चिमुकल्या देशात २००४ साली पंतप्रधान झालेल्या गृहस्थांचे पाळण्यातले नावच रूझवेल्ट; तेथे आडनावाचे नाव झाले.

मायदेशीही ते परतले, पण पाहुणे म्हणून. १९४६ साली ॲम्स्टरडॅमने तीन मोठ्या रस्त्यांना रूझवेल्ट, चर्चिल आणि स्टालिन अशी नावे दिली. १९५६ साली हंगेरीत रशियन रणगाडे शिरल्यावर स्टालिनची पाटी उतरली आणि तो रस्ता स्वातंत्र्याच्या नावाचा झाला. रूझवेल्टची पाटी राहिली. झेलंडची राजधानी मिडेलबर्ग येथे २००४ साली निघालेल्या महाविद्यालयालाही हेच नाव आहे.

परतताना मुलगा सहज म्हणाला, "बाबा, येथे यादी करताना 'व्हान' धरीतच नाहीत. व्हान गॉग शोधायचा तर 'ग' खाली पाहायचे. शेजारच्या बेल्जियममध्ये मात्र 'व्ह' खाली." आम्ही काही बोललो नाही. आमच्या डोळ्यांपुढे दुसराच मनुष्य उभा राहिला होता.

१९८६ साली आम्ही नायब तहसीलदार होतो. एक शेतकरी वडिलांच्या जमिनीच्या नामांतरणासाठी आला. कागदांत बापाचे आडनाव एक आणि मुलाचे दुसरे; जुन्या कोणा लेखनिकाने ऐकले तसे लिहिलेले. आम्ही पुरावा मागितला. त्याने गावचे चार लोक आणून उभे केले. आम्ही कागद मागितला. तिसऱ्या खेपेस तो शांतपणे म्हणाला, "साहब, नाम तो आप लोगों का लिखा है. आदमी तो मैं ही हूँ." नियम आमच्या बाजूने होता. आम्ही त्याला परत पाठविले. तो पुन्हा आला नाही, आणि त्या जमिनीचे पुढे काय झाले याची आम्ही चौकशीही केली नाही. न्यूयॉर्कच्या दप्तरात पोरक्या निकोलसचे नाव जसेच्या तसे जुळले पाहिजे, असा हट्ट धरणारा एखादा आमच्यासारखा अधिकारी बसला असता तर, हा विचार त्या संध्याकाळी मनातून जाईना. त्या शेतकऱ्याला जे आम्ही नाकारले, तेच आता मुलाला नाकारीत होतो.

रॉटरडॅम जवळ आल्यावर आम्ही मुलाला म्हटले, "तुला सोयीचे वाटेल तसे लिही." त्याने गाडी चालविता चालविता एकदा आमच्याकडे पाहिले. "राग आहे का, बाबा?" आम्ही म्हटले, "आहे थोडा. पण लिही."

आठवड्याभरात नात झाली. तेथे जन्माची नोंद तीन दिवसांत नगरपालिकेत करावी लागते. मुलगा कागद घेऊन घरी आला. त्यावर 'कर' नव्हता. मनात एकदा चर्र झाले, ते येथे लपवीत नाही. पण मग पुन्हा वाचले तेव्हा दिसले की जे उरले ते आमच्या गावाचे नाव होते, पूर्ण आणि स्वच्छ. तेथील परिचारिकेनेही ते पहिल्याच खेपेस बरोबर उच्चारले. सात पिढ्यांत त्या गावाचे नुसते नाव घेण्याची वेळ आमच्यापैकी कितीजणांवर आली असेल?

आमच्या घराण्याचा कुलवृत्तांत पुरवणीसह पुन्हा छापण्याचे घाटत आहे आणि इंदूर शाखेची पाने आमच्याकडे आली आहेत. नातीची नोंद आम्ही तिच्या कागदावर आहे तशीच केली. त्यापुढे जन्मस्थान रॉटरडॅम लिहिले आणि मूळ गावाच्या रकान्यात कोकणातील गाव लिहिले. दोन्हींच्या मध्ये इंदुरासाठी रकाना नव्हता. तो आम्ही पट्टी घेऊन हाताने आखला.