शेवटच्या पानापर्यंत

चौदा वर्षांखालच्या संघात नवव्या क्रमांकावर नाव असलेला मुलगा सामना खेळला, असं म्हणायचं का? धावफलकावर तो आहे. दिवसभर उन्हात सीमारेषेजवळ उभा होता. गोलंदाजी मिळाली नाही, फलंदाजीची वेळ आली नाही. राखीव म्हणून बाहेर बसलेल्या मुलाचं दुःख निदान दिसतं तरी. याचं दिसतही नाही.

कुणाला किती खेळू द्यायचं, हा प्रश्न आला की मला पंगतीची म्हण आठवते: वाढपी ओळखीचा असला की पंगतीत कुठेही बसावं. आपण ती वशिल्यासाठी वापरतो, आणि वशिला मैदानावर आहेच. पण तो चूक आहे हे ठरवायला फार विचार लागत नाही. मी अडकते ती प्रामाणिक वाढप्यापाशी. ओळखीचं कुणी नाही, हातात एकच पातेलं आणि समोर पंधरा पानं. त्याने काय करावं?

सगळ्यांना सारखं वाढावं, हे पहिलं उत्तर. पंक्तिप्रपंच आपल्याकडे पापच मानलं गेलं. पण चांगला वाढपी मोजून सारखं कधीच वाढत नाही. तो पानाकडे बघतो, चेहऱ्याकडे बघतो. कुणी आणखी मागतं, कुणी पानावर हात आडवा धरतं. मैदानावरही हात आडवा धरणारी मुलं असतात. वेगवान गोलंदाजाला भिणारी, झेल आपल्याकडे येऊ नये म्हणून देवाची आळवणी करणारी. त्यांना बळेच सलामीला पाठवणं हा न्याय की नुसता आग्रह? आणि तो हात भूक नाही म्हणून आडवा आलाय, की आपल्यापर्यंत काही येणार नाही हे आधीच कळून चुकल्यामुळे? वरून दोन्ही हात सारखेच दिसतात.

बरं, भूक बघून वाढावं म्हटलं तर तेराव्या वर्षी एकाला मिसरूड फुटलेलं असतं आणि दुसऱ्याला बॅट पेलत नसते. थोराडाला चेंडू जास्त मिळतो, म्हणून तो सुधारतो. सुधारला म्हणून त्यालाच आणखी मिळतो. दोन वर्षांनी लहानगा उंच होतो, तोवर पातेलं पुढे गेलेलं असतं.

आणि तरी मला 1988 सालचं आझाद मैदान पुसून टाकावंसं वाटत नाही. हॅरिस शील्ड या शालेय स्पर्धेच्या उपांत्य सामन्यात शारदाश्रम शाळेच्या विनोद कांबळी आणि सचिन तेंडुलकर यांनी 664 धावांची अभेद्य भागीदारी केली. कांबळी 349, तेंडुलकर 326, आणि 2 बाद 748 वर डाव घोषित. म्हणजे सात मुलांना फलंदाजी मिळालीच नाही. त्यांतला अमोल मुजुमदार पॅड बांधून बसून राहिला. त्याचं नाव आपण घेतो, कारण पुढे त्याने रणजी पदार्पणात 260 धावा केल्या आणि 2025 मध्ये त्याच्या प्रशिक्षणाखाली भारताच्या महिला संघाने विश्वचषक जिंकला. उरलेल्या सहा जणांची नावं कुणी विचारत नाही. प्रत्येकाला ठरावीक षटकं, असा नियम त्या दिवशी असता, तर 664 हा आकडा नसता. तो नसावा असं म्हणायला माझी जीभ रेटत नाही.

पण पंगत म्हटली की नुसती पानं मोजून भागत नाही. बसवलं कुणाला, हे आधी येतं. दलित समाजातले गोलंदाज बाळू पालवणकर इंग्रजी अमदानीत, कोवळ्या वयात, पुण्याच्या क्लबात खेळपट्टीवर रोलर फिरवायचे, जाळी लावायचे, आणि युरोपियन सभासदांना तासन्‌तास गोलंदाजी करायचे. बॅट मात्र त्यांना तिथे एकदाही मिळाली नाही, असं इतिहासकार रामचंद्र गुहा यांनी लिहिलं आहे. पुढे पुण्याच्या हिंदू संघाने त्यांना खेळायला घेतलं. मैदानात सवर्ण खेळाडू त्यांच्या हातातला चेंडू घेत. चहाच्या वेळी त्यांचा चहा पॅव्हेलियनबाहेर, वेगळ्या भांड्यात. 1911 च्या इंग्लंड दौऱ्यात त्यांनी शंभराहून अधिक बळी घेतले. तरी मुंबईतल्या स्पर्धेत खेळणाऱ्या हिंदू संघाचं कर्णधारपद त्यांना दिलं गेलं नाही. ते 1923 मध्ये त्यांचे धाकटे भाऊ विठ्ठल यांना मिळालं.

हे सगळं मी मुलांच्या खेळाशी जोडायला निघाले आणि माझाच हिशेब विस्कटला. मैदानावर घालवलेले तासच मोजायचे, तर पालवणकरांना त्या क्लबातल्या कुठल्याही सभासदापेक्षा जास्त मिळाले असतील. वेळ भरपूर मिळाला. जे खेळणं म्हणून हवं असतं ते मिळालं नाही. त्याच राबण्यातून ते आपल्या काळातले एक श्रेष्ठ डावखुरे फिरकी गोलंदाज झाले, पण म्हणून तो अन्याय कमी होत नाही. मग प्रत्येक मुलाला किमान दोन षटकं आणि वरच्या क्रमांकावर एक डाव, हा माझा आवडता नियम नेमकं काय मोजतो? मिनिटं समान झाली तरी फाइन लेगवरचा मुलगा पंगतीत बसलेला असेलच, याची खात्री मला राहिलेली नाही. नियम टाकून द्यायलाही मन धजत नाही. नियम नसला की पातेलं पहिल्या तीन-चार पानांवरच रिकामं होतं, हे कुठल्याही शालेय स्पर्धेत दिसतं.

ज्यांच्या हातात संघाची यादी आहे, त्या प्रशिक्षकांना आणि क्रीडाशिक्षकांना एवढीच विनंती. या मोसमात एका सामन्यात नवव्या क्रमांकाच्या मुलाला सलामीला पाठवा. पण त्याआधी त्याच्याजवळ जा आणि त्याला काय हवं आहे ते त्यालाच विचारा.