न सांगितलेली डोकेदुखी

स्टोक कांगरी 6,153 मीटर उंच आहे. लेहमधल्या बहुतेक गच्च्यांवरून सिंधूपलीकडे तिचं पांढरं टोक दिसतं. 2020 मध्ये हे शिखर चढाईसाठी बंद झालं. स्टोक गावाचं पाणी तिथल्याच हिमनदीतून येतं आणि दर उन्हाळ्यात वाढत जाणारी गर्दी आणि कचरा गावाला सोसेना. आम्ही गेलो ते त्याआधी. तेव्हा पुण्या-मुंबईच्या ट्रेकर मंडळींत ‘सहा हजारांतलं सोपं शिखर’ म्हणून तिची ख्याती होती आणि मीही ते चारचौघांत सांगत फिरत होतो.

घरी बसून मी हिशेब मांडला तो असा. बेस कॅम्प साधारण 5,000 मीटरवर, म्हणजे माथा तिथून साडेअकराशे मीटर. राजगड-तोरणा एका दिवसात करणारे, रात्रीत कात्रज ते सिंहगड संपवणारे आम्ही. एवढी चढण आमच्या पायांना नवी नव्हती. हिशेबात पाय होते, पाठीवरची सॅक होती, थंडीही होती. हवा मी धरलीच नाही. महाराष्ट्रातलं सर्वांत उंच शिखर कळसूबाई, 1,646 मीटर. तिथं दमलेला माणूस बसतो, लिंबूसरबत पितो आणि पुन्हा चालायला लागतो. विरळ हवा म्हणजे काय, हे आपल्या डोंगरांत कळत नाही, आणि ज्याला डोंगर कळतो असं सगळे मानतात त्याला तर ते विचारायचंही सुचत नाही.

आणखी एक गोष्ट मी सोबत नेली होती. आमच्या ग्रुपमध्ये कुरकुर न करणाऱ्याला मान असे. ही रीत मीच पाडली. सॅक दुसऱ्यानं घेतली की माणूस दिवसभर गप्प राहायचा, इतकी ती मुरली होती. माझा भाचा याच वातावरणात किल्ले चढायला शिकला. शाळेत असताना एकदा हरिश्चंद्रगडावर त्याला ताप भरला होता. तो चकार शब्द बोलला नाही. खिरेश्वरला उतरल्यावर कपाळाला हात लावला तेव्हा मला कळलं आणि मी सगळ्यांसमोर त्याची पाठ थोपटली. त्याचा चेहरा किती फुलला होता, ते मला आजही आठवतं. स्टोकला तो आमच्याबरोबर आला तेव्हा इंजिनिअरिंगच्या शेवटच्या वर्षाला होता. ताईनं त्याला पाठवला तो माझ्या भरवशावर.

दिल्लीहून सकाळचं विमान सव्वा तासात लेहला उतरवतं. विमानतळच सव्वातीन हजार मीटरच्या वर आहे आणि गाव आणखी वर. श्रीनगर-कारगिलच्या रस्त्यानं आलं तर शरीराला थोडी सवड मिळते. विमानानं ती मिळत नाही, म्हणून लेहमध्ये नुसतं बसून राहण्याचे दिवस कार्यक्रमात ठेवलेले असतात. रजा पुरत नाही म्हणून त्यातला एक दिवस मी कापला. कुणाला विचारलं नाही. कुणी विचारावं असं कुणाला वाटलंही नाही, कारण ठरवणारा मी होतो.

दुसरी काट वाटेवर मारली. स्टोक गावातून ओढ्याच्या काठानं वर निघालं की आधी चांगमा लागतं, साधारण 4,000 मीटरवर. आमचा लडाखी गाईड पन्नाशीचा, कमी बोलणारा. तिथं त्यानं मुक्काम सुचवला. दुपार व्हायची होती, पाय ताजे होते, पोरं हसत-खेळत चालली होती. आत्ता कुठे तीन-चार तास चाललोय, असं म्हणून मी सगळ्यांना मानकर्मोपर्यंत पुढे नेलं. गाईडनं एकदा माझ्याकडे पाहिलं आणि घोडेवाल्याला हाक मारली. मानकर्मो 4,400 च्या आसपास आहे. आदल्या रात्री आम्ही 3,500 मीटरवर झोपलो होतो. डोंगरावरच्या आजारांचे डॉक्टर सांगतात की तीन हजारांच्या वर गेल्यावर झोपण्याची जागा एका दिवसात पाचशे मीटरपेक्षा जास्त वर नेऊ नये. आम्ही नऊशेच्या जवळपास नेली.

संध्याकाळी तंबूमागे भाचा हळूच म्हणाला, “मामा, डोकं फार ठणकतंय रे.”

माझंही दुखत होतं, दोन्ही भुवयांच्या मागे, दुपारपासून. मी ते त्याला सांगितलं नाही. म्हटलं, “पाणी पी, क्रोसिन घे. गाईडला आत्ताच सांगू नकोस, तो तुला इथंच बसवून ठेवेल.”

गाईड रोज रात्री किचन टेंटमध्ये प्रत्येकाला तेच तीन प्रश्न विचारायचा. सिरदर्द? भूख? नींद? माझी पाळी आली तेव्हा मी म्हटलं, सब ठीक. भाच्यानं माझ्याकडे पाहिलं आणि म्हणाला, ठीक. त्याच्या ताटलीतला भात तसाच होता.

दुसऱ्या दिवशी बेस कॅम्पला पोचलो. तिथं रात्री त्याला दोनदा उलटी झाली. मी बाटली दिली, स्लीपिंग बॅग नीट केली, सकाळी बरं वाटेल म्हटलं. पाच हजार मीटरवर रात्री कोण नीट झोपतं, अशी मी स्वतःची समजूत घातली.

सकाळी तो तंबूच्या दाराशी बसून बूट घालत होता. नाडीची दोन्ही टोकं बोटांत धरून तो नुसता पाहत राहिला. एकावर एक ठेवली, सोडली, परत उचलली. गाठ काही पडेना. हात गारठलेत, असं मला वाटलं. मी खाली वाकलो आणि दोन्ही बुटांच्या नाड्या बांधून दिल्या. वीस वर्षांच्या मुलाला स्वतःच्या बुटाची गाठ मारता येत नाही, हे डोळ्यांनी पाहून मी ती बांधून मोकळा झालो. या सगळ्या प्रवासात मला सर्वांत जास्त सलतो तो हा क्षण. वेळापत्रक कापताना मला माहिती नव्हती. इथं समोर दिसत होतं.

गाईडनं ते किचन टेंटच्या तोंडाशी उभं राहून पाहिलं होतं. तो आला आणि काठीनं मातीत एक सरळ रेघ ओढली. एका पावलाची टाच दुसऱ्याच्या चवड्याला लावत त्यावरून चालायला त्यानं भाच्याला सांगितलं. तिसऱ्या पावलाला तो डावीकडे कलंडला. गाईडनं दंड धरला होता म्हणून पडला नाही. मग गाईडनं मलाही त्या रेघेवरून चालवलं. मला जमलं.

“सर, नीचे जाना है। अभी।”

मी वाद घातला. ऊन वर येऊ दे, डायमॉक्स देऊ, दुपारपर्यंत वाट बघू. बोटाला लावायच्या त्या छोट्या यंत्रावरचा आकडा इतका काही वाईट नाही, हेही म्हणालो. गाईड आकड्याकडे बघतच नव्हता, तो भाच्याच्या पायांकडे बघत होता. दुपारी हा चालूच शकणार नाही, एवढंच तो म्हणाला. त्यात अर्धा तास गेला असेल. मी बोलत होतो तोवर पलीकडे घोड्यावर खोगीर चढलं होतं. माझ्या होकाराची वाट न पाहता गाईडनं घोडेवाल्याला आधीच सांगून ठेवलं होतं. डेक्सामेथासोनच्या गोळ्याही त्याच्याच पेटीतून निघाल्या.

एका बाजूनं गाईड, दुसऱ्या बाजूनं मी, पुढे लगाम धरून घोडेवाला, असे आम्ही उतरलो. ओढा पुन्हा पुन्हा ओलांडावा लागतो. दर वेळी घोडा पाण्यात थांबला की भाचा माझ्या अंगावर झुकायचा. मानकर्मोपर्यंत तो विचारलेल्याचं नीट उत्तर देत नव्हता. चांगमाच्या खाली आल्यावर त्यानं स्वतःहून पाणी मागितलं. तिथं गाईड पहिल्यांदा माझ्याशी दोन वाक्यं बोलला; अशा वेळी उतरणं हेच औषध, बाकी सगळं त्याच्या मदतीला.

लेहच्या रुग्णालयात ऑक्सिजन लावला. मेंदूला सूज येऊ लागली होती. तिथल्या डॉक्टरांना हे रोजचं आहे, त्यांनी आवाजही चढवला नाही. एकच विचारलं, डोकं पहिल्यांदा कधी दुखलं? मी मानकर्मो म्हणणार, तेवढ्यात भाचा म्हणाला, लेहला उतरलो त्याच रात्री.

ते मला माहीत नव्हतं. इतर सगळ्यांपासून त्यानं लपवलं ते माझ्या सांगण्यावरून. माझ्यापासून लपवलं ते मी वर्षानुवर्षं जे शिकवलं त्यामुळे.

पुण्याचं प्रीपेड कार्ड तिकडे चालत नव्हतं, म्हणून हॉटेलच्या फोनवरून ताईला कळवलं. ती ओरडली नाही, रडलीही नाही. “तू होतास ना बरोबर?” एवढंच म्हणाली. माझ्याकडे उत्तर नव्हतं. काही दिवसांत भाचा पूर्ण बरा झाला, परीक्षा दिली, नोकरीला लागला. पण ताईनं त्यानंतर माझ्याबरोबर डोंगरात कुणालाच पाठवलं नाही, आणि तिचं चुकलं असं मला कधी वाटलं नाही.

वर राहिलेल्या बाकीच्यांचंही नुकसान झालं. गाईड खाली आल्यावर हिमनदी ओलांडून त्यांना नेणारा अनुभवी माणूस उरला नाही. वर्षभर पैसे साठवून, रजा साठवून आलेली ही माणसं दुसऱ्या दिवशी शिखराकडे पाठ करून उतरली. कुणी मला काही बोललं नाही. एकानंच लेहच्या बाजारात चालता चालता विचारलं, “दादा, गाईड चांगमाला थांबू म्हणत होता ना?” मी हो म्हणालो.

वाचलं ते सगळं परत आल्यावर. हवेतल्या ऑक्सिजनचं प्रमाण मुंबईच्या चौपाटीवरही 21 टक्के आणि बेस कॅम्पवरही 21 टक्केच. कमी होतो तो दाब, म्हणून 5,000 मीटरवर एका श्वासात समुद्रसपाटीच्या निम्म्याहून थोडाच जास्त ऑक्सिजन मिळतो. शरीर श्वास वाढवतं, मग मूत्रपिंडं रक्तातले क्षार बाहेर टाकून त्या वाढलेल्या श्वासाशी मेळ घालतात, आणि याला दिवस लागतात. जोर-बैठकांनी तो वेळ कमी होत नाही. उलट ज्याच्या पायांत ताकद जास्त तो भरभर वर जातो आणि शरीराला सवड मिळण्याआधीच उंची गाठतो. हे आपल्याच देशात फार आधी नीट नोंदवलं गेलंय. 1962 च्या चीन युद्धाच्या काळात सपाटीवरचे जवान घाईनं उंच सीमेवर पोचवले गेले आणि आजारी पडले. भारतीय डॉक्टरांनी त्यांचा अभ्यास केला. 1969 मध्ये त्यांचा निबंध प्रसिद्ध झाला तो 1,925 जवानांच्या पाहणीवर. ही सगळी कसलेली माणसं. आमच्यापेक्षा कितीतरी कणखर. पुण्यातच हे वाचायला मला एक संध्याकाळ पुरली असती.

मी अजून हिमालयात जातो. तरुण मुलं बरोबर असतात. रोज संध्याकाळी जेवणाआधी आम्ही गोल बसतो आणि माझं काय दुखतंय, भूक कशी आहे, रात्री किती वेळा जाग आली, हे सर्वांत आधी मी सांगतो. सुरुवातीला मला ते जड गेलं. मी बोललो की मग बाकीचे बोलतात. मी नुसतं विचारलं तर सगळ्यांचं सगळं ठीकच असतं, हे मी करून पाहिलंय. रेघेवर चालायची परीक्षा वयानं मोठ्यापासून सुरू होते. मुक्काम कुठे करायचा हे गाईड ठरवतो.

भाच्यानं नंतर एक हिमालयातला ट्रेक केला, स्वतःच्या मित्रांबरोबर. वेळापत्रक त्यानंच आखलं होतं, भरपूर मोकळे दिवस ठेवून. मला दाखवलं ते निघण्याच्या आदल्या दिवशी, सल्ल्यासाठी नाही, माहितीसाठी.

येत्या मोसमात विमानानं लेहला जाणार असाल तर परतीचं तिकीट काढण्याआधी रजेचे दोन दिवस वाढवून घ्या. आणि बरोबर कुणी लहान असेल तर तुमचं डोकं दुखायला लागल्यावर ते त्याच्यासमोर, गाईडला, त्याच संध्याकाळी सांगा.