वैमानिकाचे दप्तर

एखादे प्रवासी विमान बेपत्ता होते आणि समुद्र त्याचे अवशेष परत देत नाही, तेव्हा यंत्राविषयीचे सारे प्रश्न अनुत्तरित राहून चौकशीचा भार, जवळजवळ नकळत, ते चालविणाऱ्या दोन माणसांच्या पूर्वायुष्यावर येऊन पडतो. चेन्नईच्या नुंगंबाक्कममध्ये, जेथे मी राहतो, कंपनी सरकारने १७९२ साली वेधशाळा उभारली आणि आजही हवामानखात्याची कचेरी आहे. दुर्घटनेच्या रात्रीचे वारे, ढग व तापमान यांचा दाखला अशा कचेरीतून मागविता येतो. वैमानिकाच्या मनःस्थितीची नोंदवही मात्र कोणी ठेवलेली नसते.

८ मार्च २०१४ रोजी क्वालालंपूरहून बीजिंगकडे निघालेले मलेशिया एअरलाइन्सचे एमएच ३७० हे विमान २३९ जणांसह नाहीसे झाले. मच्छीमारांच्या हितासाठी झटणाऱ्या, येथील एका संस्थेतील बाई त्यात होत्या. त्यामुळे ती चौकशी मला परक्या मुलखाची कधीच वाटली नाही. विमानाचे कॅप्टन झहारी अहमद शाह ५३ वर्षांचे, १९८१ पासून त्याच कंपनीत, अठरा हजारांहून अधिक तासांच्या उड्डाणांचे अनुभवी. सहवैमानिक २७ वर्षांचा.

वैमानिकाच्या आयुष्यात काही गूढ सापडते का, एवढेच पाहण्याने पूर्वायुष्याच्या चौकशीचे हे काम होत नाही. त्याचा नित्यक्रम आधी निश्चित करावा लागतो, कारण त्यावाचून बदल म्हणजे काय हेच ठरत नाही. अपघातानंतरच्या जबानीपेक्षा अपघातापूर्वीच्या कागदावर मी अधिक विसंबतो. ‘हल्ली गप्प असायचे’ असे शेजारी सांगतात तेव्हा ते खोटे बोलत नसतात. बातमी ऐकल्यावर सगळ्या आठवणी तिच्याकडे कलतात, इतकेच. म्हणून ड्यूटीचे तक्ते, वैद्यकीय तपासणीचे कागद, प्रशिक्षकांचे शेरे, बँकेचे खाते आणि अखेरच्या तीन दिवसांतील झोप यांची शहानिशा करावी. आणि माझा आग्रह असा की, त्याच कंपनीतील सुखरूप उतरलेल्या एखाद्या कॅप्टनचे दप्तरही तितक्याच बारकाईने उघडावे. कर्ज, गृहकलह, हुकलेली बढती तेथेही सापडते.

एमएच ३७० वरील जुलै २०१८ च्या मलेशियन अहवालात हा तौलनिक विवेक दिसतो. विमानतळावरील कॅमेऱ्यांत टिपलेली कॅप्टनची चाल, उभे राहण्याची ढब व चर्या यांची त्यांच्या आधीच्या तीन उड्डाणांच्या वेळच्या चित्रणाशी तुलना झाली. फरक आढळला नाही. रेडिओवरील आवाजातही तणाव दिसला नाही. त्यांच्या घरच्या सिम्युलेटरमध्ये मात्र मार्गाचे सात बिंदू मिळाले, जे जोडले असता वाट दक्षिण हिंदी महासागराकडे जाते. ही बाब कोणत्याही ममतेपोटी दडपू नये, पण तिच्यावर निकालही उभारू नये. कारण अहवालाला खरे कारण निश्चित करता आले नाही. असाच पेच पूर्वीही पडला होता: १९९७ साली इंडोनेशियातील मुसी नदीत कोसळून १०४ जणांचा बळी घेणाऱ्या सिल्कएअरच्या विमानाबाबत इंडोनेशियन चौकशीने कारण अनिर्णित ठेवले, तर अमेरिकन तपासयंत्रणेने वैमानिकाच्या हेतुपुरस्सर कृतीकडे बोट दाखविले.

१२ जून २०२५ च्या अहमदाबादच्या विमान-दुर्घटनेनंतर, प्राथमिक अहवालात इंधनाच्या स्विचांचा उल्लेख येताच, अंतिम अहवालाची वाट न पाहता मुंबईच्या वैमानिकांच्या खाजगी आयुष्याविषयी जे बोलले गेले, त्याने मला फार क्लेश झाले. कॅप्टनच्या वृद्ध पित्याला सर्वोच्च न्यायालयाचे दार ठोठावावे लागले. चौकशीसाठी अशा घरी जाताना मी अखेरच्या दिवसाचा प्रश्न मागे ठेवतो. आधीच्या महिन्यातील एखाद्या रविवारी ते किती वाजता उठले, काय जेवले, कोणाशी बोलले, हे प्रथम लिहून घेतो.