डुक्कर, फटफटी, डनलॉप

डनलॉप. म्हणजे रबरी टायरची बैलगाडी. टायर कुठल्याही कंपनीचा असो, गाडी डनलॉपच. लोखंडी धावेचं चाक ओल्या रानात रुतायचं, ही गाडी उसानं शिगोशीग भरली तरी बाहेर निघायची. हवेली तालुक्याचा ऊस थेऊरच्या यशवंत कारखान्यावर जायचा, तेव्हा हंगामभर हा शब्द कानी पडे. कारखाना २०११मध्ये बंद पडला. तालुक्यातल्या मांजरी गावात उसाच्या जागी इमारती आल्या.

छकडा, धमणी. याही बैलगाड्याच. शब्दकोशात आहेत, रस्त्यावर नाहीत.

डुक्कर. प्रवाशांची तीनचाकी. पुढे एक चाक, मागे दोन, पुढे आलेलं तोंड आणि चढाला घुरघुरणारं इंजिन. हे नाव कोणा एकानं ठेवलेलं नाही. ज्यानं पाहिलं त्याला ते आपोआप सुचलं असणार. गाडीतळावर माणसं दाटीवाटीनं बसायची, पायाशी मेथीच्या जुड्या, मांडीवर कोणाचं तरी पोर. डुकराचं नाव अमेरिकेतही एका गाडीला मिळालंय. १९२०च्या सुमारास हार्ले-डेव्हिडसनचा शर्यतीतला चमू जिंकल्यावर डुकराचं पिल्लू गाडीवर घेऊन फेरी मारायचा, आणि त्या मोटारसायकलीला तिकडे ‘हॉग’ म्हणू लागले. त्यांनी ते नाव जपलं, कंपनीनंही मिरवलं. आपलं डुक्कर मात्र भंगारात गेलं आणि नावही त्याच्याबरोबर गेलं. मला याची खरोखर हळहळ वाटते.

टेंपो. हे मूळचं हॅम्बुर्गच्या एका कारखान्याच्या गाड्यांचं नाव. १९५८मध्ये बजाज टेंपो सुरू झाली, तिची तीनचाकी गावोगाव पोचली आणि मालवाहू छोटी गाडी म्हणजे टेंपो, हे मराठीनं कायमचं ठरवून टाकलं. २००५मध्ये कंपनीनं स्वतःच्या नावातून तो शब्द काढला. लोकांनी नाही काढला. मांजरीच्या उपबाजारात आजही भाजी टेंपोनंच येते.

फटफटी. दोन बाजूंना दुधाचे कॅन लटकवलेली राजदूत, नाहीतर येझदी. आवाजावरून पडलेलं नाव. आता उसाच्या जागेवरच्या सोसायट्यांतून विजेच्या दुचाक्या निघतात, त्यांचा आवाजच येत नाही.

लुना. १९७२पासून. पेडल आणि इंजिन दोन्ही असलेली कुठलीही दुचाकी म्हणजे लुना. २०२४मध्ये ती विजेवर चालणारी होऊन परतली.

ॲपे. हीही तीनचाकी. नावाचा अर्थ इटालियन भाषेत मधमाशी. तीही बारामतीत तयार झालेली.

डुक्कर या नावाची नोंद परिवहन खात्याच्या कागदावर नाही. तिथं ‘तीनचाकी प्रवासी वाहन’ एवढंच. ज्यांनी ही डुकरं चालवली, ते चालक आता म्हातारे झालेत. गिअरला, ब्रेकला, जादा भाड्याला, चुकवलेल्या पोलिसाला त्यांचे वेगळे शब्द होते. ते त्यांच्याकडून आत्ताच लिहून घ्यायला हवेत.

पीएमटी. पुण्याची शहर बस. २००७मध्ये ती पीएमपी झाली, २०२१मध्ये मांजरी बुद्रुक पुणे महापालिकेत आलं. तरी थांब्यावरची आजी विचारते ती पीएमटीबद्दलच.