दट्ट्याची कॉफी

उभट काचेच्या भांड्यात जाडसर दळलेली कॉफी घालायची, उकळून अर्धा मिनिट निवलेले पाणी ओतायचे, चार मिनिटे थांबायचे आणि जाळीचा दट्ट्या हलक्या हाताने खाली दाबायचा. फ्रेंच प्रेसची विद्या एवढीच. (नाव फ्रेंच असले तरी आजच्या घडणीच्या जवळचे पेटंट १९२९ मध्ये मिलानच्या दोघा इटालियनांनी घेतले होते!)

पण डोंबिवलीतल्या एका निवृत्त बँक कर्मचाऱ्याच्या घरी ही विद्या सहजासहजी रुजली नाही. भांडे आणले बंगळूरला नोकरी करणाऱ्या मुलीने. पहिल्याच दिवशी त्यांनी त्यात चिकोरी मिसळलेली बारीक फिल्टर कॉफी टाकली. जाळी तुंबली, दट्ट्या हलेना, आणि जोर लावताच सगळी कॉफी ओट्यावर!

“चहाचं काय वाईट चाललं होतं?” फडके शोधत पत्नीने विचारले.

मग चिकमगळूरची निव्वळ कॉफी, जाड रव्याएवढी दळून आली. अर्ध्या लिटर पाण्याला तीस ग्रॅम. दट्ट्या दाबला की लगेच कपात, कारण भांड्यात राहिलेली कॉफी कडवट होत जाते. शेवटचा घोट गाळासाठी सोडायचा. चाळीस वर्षे बायकोच्या हातचा चहा आयता घेणारा हा माणूस सकाळी साडेसहाला तिच्या उशाशी कप नेऊन ठेवू लागला. ती कुरकुरत का होईना, पिऊ लागली.

आणि मग त्यांच्या रक्ताचा अहवाल आला. कोलेस्टेरॉल वाढलेले. डॉक्टरांनी तळणाबरोबर कॉफीचीही चौकशी केली. कॉफीच्या तेलात कॅफेस्टॉल नावाचे द्रव्य असते. कागदी गाळणीत ते बरेचसे अडकते, धातूच्या जाळीतून मात्र थेट कपात उतरते आणि रक्तातले वाईट कोलेस्टेरॉल वाढवू शकते. रोज तीन-चार कप पिणाऱ्याने हे हसण्यावारी नेऊ नये.

भांडे माळ्यावर जाणार, असे त्यांना वाटले. पण कागदी गाळण्यांचे पुडके बाजारातून पत्नीनेच आणले. आता दट्ट्या दाबून झाला की कॉफी कागदातून पुन्हा गाळली जाते. तेलाबरोबर दाटपणाही जातो, हे खरेच.

“पातळ लागते,” ते म्हणतात.

“लागू दे. उद्या पण साडेसहालाच आणा,” ती म्हणते.

तीन महिन्यांनी रक्त पुन्हा तपासायचे आहे. तोवर तळणही बंद आहे, त्याची कुरकुर वेगळीच.