धाब्याखालचं घर

आमचं घर पाडलं तेव्हा आधी धाबं उतरवलं. टिकाव बसला आणि खाऱ्या मातीचे थर भसाभस ओट्यावर कोसळले. दर मृगाच्या तोंडावर आजोबा गाडीभर खारी आणून धाब्यावर पसरायचे. जुन्या थरावर नवा थर. त्या ढिगात त्यांचे चाळीस-पन्नास उन्हाळे होते. ट्रॅक्टरच्या चार खेपांत सगळं गेलं.

त्याच धाब्यावर आजी बिबड्या वाळत घालायची. आम्ही पोरं धावलो की खालून ओरडायची, "जपून पाय दे रे बापा, खाली चूल हाये!" बाहेर ४४-४५ अंशांचं ऊन, आणि आत सारवलेल्या जमिनीचा गारवा. पहाटे जात्याची घरघर सुरू व्हायची, तिच्या सोबतीनं आजीची ओवी.

वाटण्या झाल्या, घर गेलं. पुढे बरीच वर्षं जुन्या जळगावातल्या चौधरी वाड्यात जायचा मला धीर झाला नाही. कवयित्री बहिणाबाई चौधरींचं हे सासरघर आता संग्रहालय म्हणून जपलंय. आसोद्याच्या महाजनांची ही लेक तेराव्या वर्षी या घरात आली, तिशीत विधवा झाली, तीन लेकरं वाढवली. अक्षरओळख नव्हती. काम करता करता गाणं सुचायचं. मुलगा सोपानदेव आणि त्यांचा मावसभाऊ पितांबर ते वहीत उतरवून घ्यायचे. ३ डिसेंबर १९५१ रोजी त्या गेल्या. सोपानदेवांनी ती वही आचार्य अत्र्यांना दाखवली आणि १९५२ मध्ये 'बहिणाबाईंची गाणी' छापून आली.

शेवटी एकदा त्या वाड्यात गेलो. आत शिरलो आणि उभाच राहिलो. बहिणाबाईंच्या वापरातली भांडी, शेतीची अवजारं. अशीच तर आमच्याकडे होती. फरक एवढाच, की त्या घरात कुणीतरी कान देऊन ऐकलं आणि लिहून ठेवलं. आमच्या घरात शाळा शिकलेले आम्ही सहा जण होतो. एकानंही पेन्सिल उचलली नाही. आजीच्या ओव्यांची चाल मला अजून येते, शब्द येत नाहीत. हे मला फार लागतं.

धुळ्याच्या आत्याला काही ओव्या येतात, असं कळलं. ती आता ऐंशीची आहे. गेल्या महिन्यात वही घेऊन तिच्याकडे गेलो. दोन शब्द म्हणाली आणि अडली. उजवा हात मात्र मांडीवर गोल फिरत होता.

"जात्यावर बसल्याबिगर नाही आठवत रे बापा."

पाडापाडीतून जातं तेवढं मी वाचवलं होतं. ते गच्चीवर कुंड्यांशेजारी पडून आहे. दिवाळीला ते गाडीत घालून धुळ्याला नेणार आहे. किलोभर ज्वारीही.